थापेला शब्द लागतात

बायकोनं माझी स्तुती केली, आणि तीही तिऱ्हाईत माणसासमोर, तेव्हाच मला कळलं की माझं काही खरं नाही. म्हणजे झालं होतं उलटंच. माझं सगळंच खरं झालं होतं आणि बायको नेमकं तेच कौतुकानं सांगत होती. वाचा-उपचाराच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर माणसाच्या डोक्याचं उभं कापलेलं रंगीत चित्र, टेबलावर चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा. पलीकडे उपचारवाली बाई. वय माझ्या निम्म्याच्या आत, केस रबरानं मागे बांधलेले, पेन्सिल सुतारासारखी कानावर. तिनं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "काकू, आठ महिन्यांत घरी काय काय बदल जाणवला?" मला वाटलं आता रडगाणं येणार. उजव्या हातातून वाटी पडते, आंघोळीला तास लागतो, मीठ हवं असलं की 'ते पांढरं, ते पांढरं' करत बसतात. बायकोनं हे सगळं सांगितलंच. पण मग तिनं मांडीवरची पर्स सरळ केली आणि म्हणाली, "एक मात्र चांगलं झालं हं. हल्ली हे खोटं बोलत नाहीत. एक अक्षरसुद्धा." बाई हसली आणि तिनं कागदावर काहीतरी टिपलं. माझ्या आजाराच्या कागदांत ही नोंद कुठल्या रकान्यात बसली ते बघायला मी मान उंच केली.

खोटं हा शब्द बायकोचा. मी त्याला थाप म्हणतो, आणि दोहोंत फरक आहे. 'गोळी घेतली का?' 'घेतली.' हे खोटं. ते मला आजाराच्या चौथ्या दिवशीही जमलं असतं, एका शब्दात भागतं; अडचण एवढीच की बायको गोळ्या मोजते. थाप म्हणजे नसलेली विहीर खणायची, तिच्यातून पोहरा वर ओढायचा, समोरच्याला ओंजळभर पाजायचं, आणि त्यानं तोंड पुसत 'गार आहे' म्हणायचं. मी सव्वीस वर्षं एका अकरा मजली कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्टमन होतो. हँडलची लिफ्ट, जाळीचं सरकतं दार, कोपऱ्यात माझं स्टूल. लिफ्टची कड मजल्याच्या कडेशी बोटभरही वरखाली न होऊ देता जुळवायची, एवढंच काम, आणि ते हाताचं. तोंड रिकामंच. तेव्हा तळमजल्यावर थाप सुरू करायची आणि अकराव्यावर जाळी सरकवता सरकवता संपवायची, हे मी स्वतःला लावून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी जन्मभर नुसत्या सुरुवाती ऐकल्या. सहाव्यापर्यंत जाणाऱ्यांना वाघ दिसायचा, पण त्या वाघाला चष्मा कुणी लावला ते दहाव्याच्या वरच कळायचं. दुसऱ्या मजल्यावरची एक टायपिस्ट शेवट ऐकायला म्हणून रोज अकराव्यापर्यंत यायची आणि नऊ मजले जिन्यानं उतरायची. त्यानं तिचे गुडघे इतके सुधारले की पुढे ती डोंगर चढायला जाऊ लागली. हे चारानं भागून घ्या. बायको तसंच करायची. मी दहा माणसं म्हटलं की ती अडीच धरायची आणि वर विचारायची, "त्यातला अर्धा कोण होता?" तीस वर्षांच्या संसारात माझं एकही वाक्य तिनं भागल्याशिवाय गिळलं नाही, आणि मला ते आवडायचं. कुणीतरी भागाकार करतंय याचा अर्थ कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय.

झटका आला तोही लिफ्टमध्येच, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. मी सांगत होतो, "आणि साहेब, त्या पेटीचं झाकण उघडलं, तर आत..." आणि आत काही नव्हतं. पेटीत असेलही, माझ्या तोंडात नव्हतं. एक क्षण आधी तिथं शब्द होता, त्याची जागा अजून गरम होती, खुर्चीवरून कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. लिफ्टमधले पाच जण श्वास रोखून उभे. त्यांना वाटलं मी ताणतोय. पाचव्या मजल्यावरचे वकील हळूच म्हणाले, "वा, काय थांबलाय." मी आणखी थांबलो. मग हँडलवरचा हात सुटला, लिफ्ट दोन मजल्यांच्या अधेमधे उभी राहिली, आणि तरीही कुणी हललं नाही; मागचा एक जण तर हसू दाबत होता. सव्वीस वर्षांत मला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. स्टुलावरून घसरताना मला स्पष्ट आठवतं, भीती नंतर वाटली, आधी वाटला तो राग. शेवट न सांगता पडायचं म्हणजे काय.

पुढचं सगळ्यांचं होतं तसंच. खाट, नळ्या, पांढरे डगले, मग चालणं, मग ही खोली. बाई म्हणाली याला वाचाघात म्हणतात. शब्द गेलेले नाहीत, त्यांच्यापर्यंतची वाट बुजली आहे. ती पत्ता धरी आणि मी बघत बसे. कंगवा मला चांगला दिसे, त्याचे दाते मोजता येत, तो केसांत फिरताना टाळूला काय वाटतं तेही जाणवे, आणि नाव विचारलं की तोंडात नुसती हवा. "कशासाठी वापरतात, काका? कुठे असतो? कसा दिसतो?" असं ती चहूबाजूंनी शब्दाला घेरत आणी. मी एकदा घामाघूम होऊन म्हणालो, "केसांचा... नांगर." बाईनं पेन्सिल ठेवली आणि मनापासून हसली, पण बरोबरची टीक न करता गोल काढला. आकड्यांची आणखी गंमत. सात हा आकडा एकटा कधी येईना. त्यासाठी मला तळमजल्यापासून निघावं लागे. एक, दोन, तीन, असं चढत सातव्यावर आलं की दार उघडे. बाजूला बसलेली बायको चौथ्या-पाचव्यापाशी हमखास माझा हात धरी. कुलपाचं चित्र आलं की मी "ते... ते..." करी, किल्लीला "ती... ती...", आणि खिळ्याला "तो". एकदा तर मी किल्लीला "ती... ती... चमचा" म्हणालो. बाई खुर्चीत पुढे सरकली. म्हणाली, "काकू, बघितलंत? नाव सापडत नाही, पण ते पुल्लिंगी की स्त्रीलिंगी ते काकांना पक्कं ठाऊक असतं. चुकीचा शब्द आला तरी 'ती' बरोबर किल्लीचीच." बायको म्हणाली, "म्हणजे माणूस ओळखता येत नाही, पण बाई की बुवा ते कळतं." बाई म्हणाली, "तसंच समजा." मला तसं समजण्यात फारशी मजा वाटली नाही.

तर त्या दिवशी ती स्तुती ऐकून घरी आलो आणि खिडकीपाशी बसलो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस सतरंजी झटकत होता. मी विचार करू लागलो, की मी खरं कधीपासून बोलतोय. भूक लागली की पोटावर हात ठेवतो, दुखतं तिथं बोट दाखवतो, नको असलं की मान हलवतो. खऱ्याला एवढं पुरतं, कारण खरं समोरच पडलेलं असतं, बोट दाखवलं की झालं. वाघाच्या चष्म्याकडे बोट कुठून दाखवणार? त्याला वाघ हा शब्द लागतो, चष्मा लागतो, काडी लागते, काडी कानामागे का राहत नव्हती ते सांगायला आणखी वीस शब्द लागतात, आणि सगळे वेळेवर लागतात. म्हणजे मी सुधारलो वगैरे काही नव्हतो. माझ्याकडे माल नव्हता. आणि बायकोनं भागाकार सोडून दिला होता. मी 'दोन' म्हटलं की ती दोनच धरी, मी 'बरं नाही' म्हटलं की लगेच कपाळाला हात लावी, मी जे जे म्हणे ते ते तिच्या तोंडात विरघळे. आठ महिने माझ्या घरात एक सज्जन माणूस माझे कपडे घालून वावरत होता, आणि माझी बायको त्याच्यावर खूश होती. मला त्याचा हेवा वाटला, मग घाण वाटली. पत्त्यावरची कात्री ओळखता आली नाही तरी चालेल, पण मरायच्या आधी एक थाप, अख्खी, बायकोच्या गळी उतरवायची, किंवा न उतरली तर तिच्या तोंडून 'काहीतरीच' ऐकायचं, असं मी ठरवलं. एवढंच मला हवं होतं. बाईच्या कागदावर असल्या ध्येयाला रकाना नव्हता.

सुरुवात हत्तीनं केली. हत्ती सोपा, दोन अक्षरांत काम, आणि मोठा असल्यामुळे नजरेतून सुटत नाही. चार दिवस मी न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. पुढच्या खेपेला बाईनं नेहमीसारखं विचारलं, "मग काका, आज सकाळी काय काय झालं?" मी छाती भरून म्हणालो, "सकाळी... खाली... हत्ती आला." आणि वाट बघत बसलो. बाईच्या कपाळावर सहानुभूतीची बारीक आठी पडली. "हत्ती. मोठं काहीतरी. राखाडी? आवाज करणारं?" बायकोनं चुटकी वाजवली. "टँकर. पाण्याचा टँकर आला होता आज. मागे पाइप असतो ना त्याला लोंबता, सोंडेसारखा." बाईचा चेहरा उजळला. "बघा, शब्द सापडला नाही तर त्याच्यासारखं दुसरं काहीतरी घेऊन आले. केवढी प्रगती आहे ही." मी जोरजोरानं मान हलवली. "नाही. हत्ती. हत्ती." बायकोनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "हो हो, टँकरच." माझ्या पहिल्या थापेला टीक मिळाली आणि ती खरी ठरली. सकाळी टँकर आला होता हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर तर कहर झाला. बायकोला माझी भाषा कळते असा तिला शोध लागला आणि ती दुभाषी होऊन बसली. मी शेजाऱ्यांसमोर म्हणालो, "काल... राजा भेटला." एरवी एवढ्यावर शेजारी हसून तरी गेले असते. बायको म्हणाली, "राजा म्हणजे गादी. कोपऱ्यावर तो गादीवाला बसतो ना, कापूस पिंजतो तो, त्याच्याशी बोलत होते काल." आणि मी खरंच बोलत होतो. मी म्हणालो, "मी... विमान चालवलं." ती म्हणाली, "लिफ्ट हो. वर न्यायचे ना माणसांना." मी चिडून "भूत" म्हणालो तर तिनं वाळत घातलेली चादर आत आणली, आणि तेवढ्यात बाहेर धूळ उडाली म्हणून माझे आभार मानले. मी कितीही लांबचं आणलं तरी ती त्याला धरून घरात आणी, पाय धुवायला लावी, आणि खऱ्याच्या पंगतीला बसवी. खोटं पकडलं जाण्याची भीती मी जन्मभर कधी बाळगली नव्हती. माझं खोटं कुणी पकडेनाच, ही शिक्षा मात्र नवी होती. कधीकधी मला वाटे की तिचंच बरोबर असेल, मला खरोखर टँकरच म्हणायचं असेल, आणि आतला जो हत्ती हत्ती म्हणून ओरडतोय तोच मुळात चुकीचा शब्द असेल.  हे वाटलं की मी उठून आरशात बघायचो. आरशातला माणूस विश्वास ठेवावा असा दिसे, आणि म्हणूनच मला तो पटत नसे.

शेवटी मी ठरवलं, एका शब्दानं भागणार नाही. एक शब्द फेकला की लोक तो उचलून आपल्या खिशातल्या खऱ्याशी जुळवून बघतात. थाप पुरी पाहिजे, शेपटीसकट. तीन आठवडे मी वाक्य बांधत होतो. बायको भाजी निवडत असली की मी भिंतीकडे तोंड करून ओठ हलवी. ती तिच्या मोठ्या बहिणीला फोनवर सांगे, "अगं ताई, खूप मन लावून अभ्यास करतात बिचारे." त्या 'बिचारे'वर चिडून मी वाक्यात आणखी दोन विशेषणं बसवली. आणि मग एका दुपारी, पत्ते संपल्यावर, बाई कागद आवरत असताना, कुणी काही विचारलेलं नसताना मी बोललो. "लिफ्टमध्ये एकदा... मगर आली होती. मोठी. हिरवी, ओली मगर. तिला जायचं होतं... आठव्यावर. दार लावलं तर... तिची शेपटी अडकली."   हे सगळं मी बोललो होतो, एका दमात नाही, पण एका दिशेनं. बायकोनं सवयीनं सुरुवात केली, "मगर म्हणजे, थांबा हं, ती झाडूवाली असेल, नाहीतर ती लांब..." आणि बाई म्हणाली, "काकू, एक मिनिट."

तिनं जुना कागद काढला, त्याच्या आधीचा काढला, पेन्सिलीनं रांगा खाली खाली बघत गेली. मी आजवर एवढ्या आशेनं कुणाच्या पेन्सिलीकडे बघितलं नव्हतं. "काकांची चूक अशी नसते," ती म्हणाली. "चुकतात तेव्हा ते आधी 'ती ती' करत अडतात. मग भलताच शब्द येतो आणि जुळत नाही, 'ती चमचा' होतं. तोंडही वाकडं करतात. मगरीला ते कुठे अडले? मगर मोठी, हिरवी, ओली, आली होती, तिची शेपटी. सगळं एकाला एक लागून आहे. आठव्यावरसुद्धा थेट गेले, तळमजल्यापासून निघाले नाहीत." बायको म्हणाली, "पण मगर कशी येईल लिफ्टमध्ये?" बाई म्हणाली, "तेच म्हणते मी. शब्द चुकलेला नाही. म्हणजे हे जे आहे ते... म्हणजे याला आपण..." आणि ती थांबली. तिचे गाल लाल झाले. ज्येष्ठ माणसाला, त्याच्या बायकोदेखत, तोंडावर काय म्हणायचं ते तिला सापडेना. ओठ उघडत होते, मिटत होते, पेन्सिल हवेत. मला तिचा शब्द अगदी लख्ख दिसत होता. मी टेबलावर पुढे वाकलो आणि ती मला करते तशीच, मायेनं, मदत केली. "थ..." मी म्हणालो. "थ... थ..."

"थाप," बाई म्हणाली.

मी तिच्या कानामागे परत गेलेली पेन्सिल डाव्या हातानं काढून घेतली आणि तिच्याच कागदावर एक वाकडी टीक केली. बाई इतकी हसली की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. बायको हसली नाही. तिनं पर्स बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. "म्हणजे तो टँकर?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "हत्ती." "आणि गादीवाला?" "राजा." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, घर साफ करताना जुनी हरवलेली वस्तू हाती यावी आणि ती ठेवायची कुठे ते कळू नये, तशी.  घरी जाताना चौकात थांबल्यावर तिनं सवयीनं माझा उजवा दंड धरला आणि समोरच्या दिव्याकडे बघत म्हणाली, "इतके महिने तुमचं सगळं खरं मानून वागले. किती सोपं होतं माहितीय? तुम्ही दुखतं म्हणालात की दुखतंय. झोप आली म्हणालात की आलीय. डोक्याला काही ताप नव्हता." मला काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते खरं असल्यामुळे हातवाऱ्यांनी भागलं असतं, पण माझा हात तिच्या हातात होता. पलीकडे गेल्यावर तिनं विचारलं, "आठव्यावर काय काम होतं तिचं?" मी म्हणालो, "दात." तिथं दातांचा दवाखाना होता. "काहीतरीच," बायको म्हणाली, आणि माझे दोन्ही पाय एकदम मला माझेच वाटले.

हे झालं सोमवारी. गुरुवारी सकाळी ती आतल्या खोलीत ताईला फोनवर सांगत होती, "पुन्हा सुरू झालं यांचं. आता काय खरं मानायचं आणि काय नाही, देव जाणे." आवाजात तक्रार होती, पण ती तीन वेळा तेच सांगत होती. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बाईनं सरावाला दिलेले पत्ते मांडून बसलो होतो. समोर गॅसवर दूध ठेवलेलं. बघता बघता साय ताणली गेली, कडेनं बारीक बुडबुडे जमले, आणि मधोमध फुगवटा वर येऊ लागला, हळूहळू, लिफ्ट वर यावी तसा. मी म्हणालो, "अगं, दूध." शब्द आपणहून आला होता, ते-ते न करता, घाम न काढता. मी स्वतःच इतका चकित झालो की पुढचंही बोललो, "दूध उतू चाललंय." आतून आवाज आला, "हो का. एकदा फसले तेवढं पुरे." मग फोनवर, "ऐकलंस ना, ताई? आता दूध म्हणे." मला उठता आलं असतं. चार पावलं, डावा हात, एक बटण. पण मी जागचा हललो नाही. मी खरं बोललो होतो, स्वच्छ, सबंध वाक्यात, आणि माझ्या बायकोनं त्यावर जराही विश्वास ठेवला नव्हता. दूध कडेवर येऊन क्षणभर थबकलं आणि खाली कोसळलं. जळका वास खोलीभर पसरला, आणि मी त्या वासात साहेबासारखा बसून राहिलो.

ती धावत आली, गॅस बंद केला, फडकं घेतलं, पातेल्याला, मला, ओट्याला, सगळ्यांना एकदमच बोलू लागली. मग फडकं हातात धरून माझ्याकडे वळली. "तुम्ही इथंच बसला होतात ना? डोळ्यांदेखत जात होतं. उठून बंद का नाही केलंत?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, अख्खं, विशेषणांसकट. पण तिचा चेहरा पाहून ते द्यावंसं वाटेना. मी कपाळाला आठ्या घातल्या, डावा हात हवेत धरला, तोंड जरासं वाकडं केलं. "ती..." मी म्हणालो. "ती... ती..."

तिचा आवाज एकदम खाली आला. तिनं फडकं बाजूला ठेवलं, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि माझे दोन्ही हात धरले. "सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही आपल्याला. कशासाठी वापरतात? सांगा बरं. शेगडी? भीती? भीती वाटली का?"

मी डोळे मिटले आणि शोधू लागलो.